नाच बसायला लागतो तो वेळ

आपण मराठीत नाच ‘बसवतो’. नाटक बसवतो, लग्नाच्या संगीतातला पाच मिनिटांचा कार्यक्रमही कुणाकडून तरी बसवून घेतो. पाढे तोंडात बसतात, तबल्यावर हात बसतो. विरजण लावलेल्या दुधाला रात्र द्यावी लागते, तसा या क्रियापदात वेळ आधीपासूनच धरलेला असतो. वीस वर्षं समूहनृत्य बसवत आल्यावर मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, की जो वेळ आपल्या भाषेला ठाऊक आहे तो आपल्या कुठल्याही अनुदानाच्या अर्जात, निमंत्रणपत्रात किंवा अंदाजपत्रकात सापडत नाही.

मागच्या वर्षीचं एक उदाहरण सांगते. आम्ही आठ जण नऊ मिनिटांची एक रचना बसवत होतो. तिच्यात एक जागा होती. गर्दीतून चालत आलेली मुलगी रंगमंचाच्या मध्यावर थांबते आणि मागे न बघता सरळ पाठीवर पडते. मागे चौघं असतात. तिचं डोकं जमिनीपासून वीतभर वर असताना त्यांनी तिला झेलायचं, आणि झेललेलं दिसू द्यायचं नाही. बघणाऱ्याला ती पाण्यात उतरत गेल्यासारखी वाटली पाहिजे. सांगायला एवढंच आहे. बसायला अकरा संध्याकाळी लागल्या.

पहिले चार दिवस ती पडतच नव्हती. पाठ मागे झुकली की गुडघे आपोआप वाकायचे. शरीर स्वतःला वाचवतं, त्याला सांगून कळत नाही. पाचव्या दिवशी गुडघे सरळ राहिले तर मान आधी मागे जायला लागली. “ताई, परत डोकं आधी गेलं,” ती स्वतःच उठून सांगायची. मान जमली तेव्हा झेलणाऱ्यांतल्या एकाचा खांदा मात्रेच्या आधी हलायचा आणि सगळं उघडं पडायचं. आठव्या दिवशी त्याच मुलाची ऑफिसातली पाळी बदलली, तो येईना. नवव्या दिवशी नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून. जागा एका शाळेच्या सभागृहाची, तासाच्या भाड्यानं. खाली शहाबादी फरशी, म्हणून घरून आणलेल्या सतरंज्या आणि दोन जुन्या गाद्या. साडेनऊला शिपाईदादा दिवे मालवायला दारात उभे राहायचे, कारण त्यांनाही टिटवाळ्याची गाडी गाठायची असायची. अकराव्या संध्याकाळी ती पडली आणि कुणी काही बोललं नाही. शिपाईदादांनी हात दिव्याच्या बटणावर तसाच ठेवला होता.

प्रयोग झाला. आयोजकांनी नऊ मिनिटांचं मानधन पाकिटात घालून दिलं, सोबत शाल आणि नारळ. आठ जणांत वाटल्यावर एकेकाच्या वाट्याला आलेल्या पैशात महिन्याभराच्या रिक्षा-लोकलचा खर्चही निघाला नाही. सभागृहाचं भाडं मी माझ्या वर्गांच्या फीमधून भरलं. आयोजकांवर माझा राग नाही. त्यांनी नऊ मिनिटं मागवली होती, नऊ मिनिटांचे पैसे दिले. पण महाराष्ट्रात नाचासाठी जो काही पैसा फिरतो, मग तो सरकारी महोत्सवांचा असो, महापालिकांचा, गणेशोत्सव मंडळांचा की प्रायोजकांचा, तो जवळजवळ सगळा असाच मिनिटांच्या हिशेबानं फिरतो. प्रयोगाला भाव आहे. तालीम ज्याची त्यानं घरून आणायची.

याचे परिणाम रंगमंचावर दिसतात. एकल नृत्य भरपूर दिसतं, कारण एकटीची तालीम घरच्या हॉलमध्ये सोफा सरकवून होते. समूहनृत्य दिसतं ते वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात, जिथे शिष्याच फी भरतात. आठ-दहा मिनिटांच्या रचना दिसतात. मात्र दहा-वीस प्रौढ, शिकलेल्या नर्तकांनी मिळून तास-दीड तास एक गोष्ट उभी केली आहे, तिला स्वतःचं संगीत आहे, स्वतःचं नेपथ्य आहे, आणि ती आजच्या काळाबद्दल काही म्हणते आहे, असं काम, ज्याला जगभर समकालीन बॅले म्हणतात आणि आपण नृत्यनाट्य म्हणू शकतो, ते आपल्याकडे वर्षाला किती नवं बनतं? मी या क्षेत्रात असून मला बोटं मोजायला एक हात पुरतो. आपल्या मुलामुलींत कस नाही म्हणून असं झालेलं नाही. त्यांचे तीन महिने विकत घेणारं कुणी नाही, म्हणून झालं आहे.

तीन महिन्यांत काय होतं हे समजायला मी नृत्यदिग्दर्शक अक्रम खान यांच्या ‘जिझेल’ या बॅलेकडे पुन्हा पुन्हा जाते. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, चित्रित केलेली पाहिली आहे, आणि तरी ती मला झोपू देत नाही. मूळ ‘जिझेल’ १८४१ ची, पॅरिस ऑपेराची, अदोल्फ आदामच्या संगीतावरची. खेड्यातली मुलगी, वेश पालटून आलेला उमराव, फसवणूक, तिचा मृत्यू. दुसऱ्या अंकात लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं, त्यांना ‘विली’ म्हणतात, रात्री जंगलात पुरुषांना नाचवून नाचवून मारतात. शास्त्रीय बॅलेतला हा इतका पवित्र मानलेला खेळ आहे की त्याला हात लावायचं धाडस करणाऱ्यालाही आधी घाम फुटावा.

इंग्लिश नॅशनल बॅले या लंडनच्या नृत्यकंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख तमारा रोहो यांनी तो खान यांच्या हाती दिला. खान लंडनमध्ये बांगलादेशी घरात जन्मलेले, लहानपणापासून प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकलेले. त्यांनी खेडं काढून टाकलं आणि तिथे बंद पडलेल्या कापडाच्या कारखान्यातले स्थलांतरित कामगार आणले. उमरावांच्या जागी भिंतीपलीकडचे मालक. टिम यिप यांनी रंगमंचाच्या रुंदीएवढी एक प्रचंड भिंत उभी केली आणि ती फिरते. कामगार तिच्यावर तळवे टेकून ढकलत राहतात. विन्सेन्झो लमान्या यांनी आदामच्या सुरावटींचे तुकडे यंत्रांच्या घरघरीत असे पुरले आहेत की ओळखीची धून एखाद्या जुन्या वासासारखी मधेच येते आणि जाते. दुसऱ्या अंकातल्या विली म्हणजे त्याच कारखान्यात मेलेल्या बायका. हातात लांब वेत, पायांच्या टोकांवर उभ्या. पाहताना मला ढाक्याजवळचं राना प्लाझा आठवलं, २४ एप्रिल २०१३ ला कोसळलेलं, ११३४ माणसं गिळणारं. आणि लालबाग-परळची बंद धुराडीही आठवली. माझे आजोबा गिरणीत होते. हे आठवणं माझं आहे, खान यांच्या रचनेत ते शोधायला जाऊ नये.

२७ सप्टेंबर २०१६ ला मँचेस्टरच्या पॅलेस थिएटरमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. पण नर्तकांच्या अंगात ती त्याच्या कितीतरी आधी बसायला लागली होती. बॅलेचा नर्तक लहानपणापासून वर जायला शिकतो. पोट आत, छाती वर, पाय टोकावर, जणू जमिनीशी नातंच नको. कथकचा माणूस वजन खाली देतो. तळवा पूर्ण आपटतो, तेव्हा तत्कार वाजतो. एका शरीराला दुसऱ्याची सवय लावणं म्हणजे तिशीतल्या माणसाला डाव्या हातानं लिहायला लावण्यासारखं आहे. म्हणून २०१४ मध्ये खान यांनी याच कंपनीसाठी ‘डस्ट’ नावाची छोटी रचना केली होती, पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत राबणाऱ्या बायकांवरची. तिथे या नर्तकांनी जमीन ओळखली. पुढे दोन वर्षांनी मोठी गोष्ट आली. पहिल्या अंकात कामगारांचा घोळका एका श्वासात जमिनीकडे झुकतो आणि उसळतो, तेव्हा तो सराव डोळ्यांना दिसतो. इतकी माणसं एकाच वेळी झुकतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

या सगळ्या काळात त्या नर्तकांना पगार मिळत होता. इंग्लिश नॅशनल बॅलेला आर्ट्स काउन्सिल इंग्लंडकडून, म्हणजे करदात्यांकडून, दरवर्षी पैसे मिळतात. तिकिटं, देणग्या, सहनिर्माते हे त्याच्या वर. सकाळी सराव, दिवसभर तालीम, महिनाअखेरीला पगार. दुखापत झाली तर उपचार. झेलणाऱ्याची पाळी बदलली म्हणून तालीम पुन्हा पहिल्यापासून, असं तिथे होत नाही.

इथे कुणीतरी म्हणणार, त्यांच्याकडे पैसा आहे, आपण कुठे तुलना करता? ठीक, लंडन सोडू. आपल्याच मातीत बघू. या देशात बॅले हा शब्द काल-परवा आलेला नाही, आणि त्याच्या इतिहासाचा मोठा भाग मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात घडला आहे.

खंडाळ्याला नाश्त्यासाठी थांबणाऱ्या किती जणांना माहीत असेल की तिथे मादाम मेनका यांचं ‘नृत्यालयम्’ होतं? लीला सोखी हे त्यांचं नाव. त्यांचे पती डॉ. साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. मेनका यांनी कथकवर आधारलेली समूहनृत्यनाट्यं केली, पथक घेऊन युरोपात फिरल्या, १९३६ च्या बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत गेल्या. खंडाळ्याला गुरू राहत, शिष्य राहत, दिवसभर तालीम चाले. कथक नर्तिका दमयंती जोशी त्यांच्याच हाताखाली घडल्या. १९४७ मध्ये मेनका गेल्या आणि ते घर संपलं. तिथल्या तालमीचा खर्च एका बाईच्या घरातून चालला होता. बाई गेल्या, खर्च थांबला.

नर्तक उदयशंकर यांचं अल्मोड्याचं नृत्यकेंद्र इंग्लंडमधल्या डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट दांपत्याच्या मदतीवर उभं राहिलं आणि १९४४ मध्ये बंद पडलं. तिथून बाहेर पडलेल्या शांती बर्धन यांनी मुंबईत, अंधेरीला, इप्टाच्या, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या, ‘सेंट्रल स्क्वाड’मध्ये काम सुरू केलं. एका घरात सगळे राहायचे, एकत्र जेवायचे, पहाटेपासून सराव. रविशंकर तिथे संगीत करत होते. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ हे नृत्यनाट्य तिथे बसलं आणि बंगालच्या दुष्काळाचं दुःख घेऊन लोकांपर्यंत गेलं. ते जेवण कम्युनिस्ट पक्ष देत होता. राजकारण बदललं, ‘स्क्वाड’ विखुरलं.

मग १९५२ मध्ये बर्धन यांनी मुंबईतच ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला. तोवर क्षयानं त्यांचं शरीर पोखरलं होतं. त्या शरीरानं त्यांनी ‘रामायण’ बसवलं, आणि कसं बसवलं! जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालला आहे अशी कल्पना, आणि सगळी पात्रं बाहुल्या. जिवंत माणसानं लाकडी होऊन नाचायचं. हे ऐकायला मौजेचं वाटतं, करून बघा. मनगट वळवायचं तर कोपर हलता कामा नये. मान वळेल, पण खांदा गोठलेला हवा. एक झटका संपल्यावर शरीराचा जो नैसर्गिक मऊपणा उरतो, तो मारून टाकावा लागतो, आणि तोही वीस माणसांनी एकाच मात्रेवर. मी माझ्या विद्यार्थिनींना यातला एक साधा हात दिला होता, दोरीनं उचलल्यासारखा वर जाणारा आणि दोरी सुटल्यासारखा पडणारा. दोन आठवड्यांनीही तो पडताना हात वाटत होता, लाकूड वाटत नव्हता. बर्धन १९५४ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी पथक टिकवलं, आणि ते ‘रामायण’ पुढे कित्येक दशकं देशात-परदेशात नाचलं गेलं.

पण ते पथक आज मुंबईत नाही. १९६४ मध्ये ते ग्वाल्हेरला गेलं, पुढे भोपाळला. तिथे त्याला स्वतःची जागा मिळाली. गुल बर्धन यांना पद्मश्री मिळाली २०१० मध्ये, त्याच वर्षी त्या गेल्या. अंधेरीत जन्मलेली, मुंबईनं आपली म्हणावी अशी गोष्ट मध्य प्रदेशाची झाली, आणि आपल्याकडे त्याची हळहळसुद्धा कुणाला वाटली नाही. मला वाटते. त्याआधीच्या तिन्ही कहाण्यांत कुणीतरी माणसांचा वेळ विकत घेतला होता, कधी नवऱ्याच्या पगारानं, कधी परदेशी देणगीनं, कधी पक्षानं. ती थैली मिटली की काम मिटलं. यांतली एकही थैली आपल्या सार्वजनिक व्यवस्थेची नव्हती.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. पुण्यातले मित्र तो नेहमी घेतात. ‘घाशीराम कोतवाल’ कुणाच्या पगारावर बसलं होतं? १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचं संगीत, आणि नृत्यं बसवली होती कृष्णदेव मुळगुंद यांनी. बारा ब्राह्मणांची ती रांग, जी कधी पडदा होते, कधी भिंत, कधी पाठ फिरवून सगळं झाकते, हा मराठी रंगमंचावर झालेल्या समूहरचनेचा माझ्या मते आजवरचा सर्वोच्च क्षण आहे. खान यांच्या फिरत्या भिंतीपुढे मी ती रांग बिनधास्त ठेवीन. आपल्या लोकांनी भिंत माणसांचीच बांधली. आणि ते सगळे हौशी होते. मग तालमीला पैसे कशाला?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या हौसेला पाया होता. जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करत होते आणि तिथून तालमीला येत. मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. संध्याकाळी सहानंतर ज्यांची संध्याकाळ त्यांची स्वतःची होती, ज्यांना सायकलवर टांग टाकून तालमीला पोचता येत होतं, अशा माणसांचं ते पुणं होतं. स्थिर नोकरी, ठरलेल्या वेळा आणि परवडणारं शहर हे त्या पिढीला मिळालेलं अनुदानच होतं, फक्त त्याला कुणी अनुदान म्हटलं नाही. आज माझ्याकडे येणारी मुलं डिलिव्हरी करतात, कॉल सेंटरला रात्रपाळी करतात, तीन ठिकाणी झुंबा शिकवतात. त्यांची संध्याकाळ त्यांची नाही. डोंबिवलीहून तालमीला यायचं तर दीड तास गाडीत उभं राहून यायचं, आणि मग पाठीवर पडायचं. हौस त्यांच्यात पूर्वीच्यांपेक्षा तसूभर कमी नाही.

शिवाय नाच आणि नाटक यांत एक फरक आहे. नट पन्नाशीतही नवी भूमिका बसवतो. नर्तकाची भरात असलेली वर्षं मोजकी, साधारण विशीपासून पस्तिशीपर्यंतची. नेमकी तीच पोट भरायची, घर उभं करायची वर्षं. त्या वर्षांत जो बिनपगारी तालीम करू शकतो तोच नाचणार असेल, तर रंगमंचावर कोण दिसणार हे घरच्या ऐपतीवर ठरतं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ढोलकी आणि पायातली चाळ आहे, त्या घरातली किती मुलं समकालीन नृत्याच्या तालमीत येऊ शकतात? मुंबईत अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान ही दोन मुलं येहुदा माओर यांच्याकडे बॅले शिकली. एक वेल्डरचा मुलगा, दुसरा टॅक्सीचालकाचा. दोघांचं कौतुक झालं, आणि दोघांना पुढचं शिकायला परदेशीच जावं लागलं. त्यांनी इथे राहून नाचायचं म्हटलं असतं, तर सकाळी दहा वाजता त्यांना कुठल्या दारात उभं करायचं, हे मला सांगता आलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. शेतकरी अडचणीत, शाळांची छपरं गळतात, आणि नाचाला सरकारी पैसा? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी उडवून लावत नाही. पण आपण कलेवर सार्वजनिक पैसा खर्च करतोच आहोत, आणि तो योग्यच आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं ते पॅलेस थिएटर. मँचेस्टरच्या त्या थिएटरचंही नाव तेच, हे लक्षात आल्यावर माझ्या पोटात कालवलं. ते पुन्हा बांधायला सरकारी पैसा द्यायचा याबद्दल कुणाचं दुमत झालं नाही. इमारतीला आपण देतो. त्या इमारतीत काय उभं राहणार, याचा प्रश्न आला की आपला हात आखडतो.

जर्मनीतलं वुपरताल हे वस्तीनं कोल्हापूरपेक्षा लहान, कारखान्यांचं गाव. १९७३ मध्ये तिथल्या नगर-रंगभूमीनं नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांना नृत्यविभाग दिला. सुरुवातीला प्रेक्षक दारं आपटून निघून जात. गावानं तरी पगार थांबवले नाहीत, आणि काही वर्षांत जग वुपरतालला यायला लागलं. याची दुसरी बाजूही लपवायला नको. फ्रँकफर्टनं विल्यम फोर्साइथ यांची कंपनी १९८४ पासून वीस वर्षं पोसली आणि मग खर्च जड झाला म्हणून २००४ मध्ये बंद केली. सार्वजनिक थैलीही मिटते. पण तिथे लोकांना भांडायला एक दार होतं. खंडाळ्याच्या घरापुढे जाऊन कोण भांडणार होतं?

माझं मागणं फार मोठं नाही. एक हिशेब मांडते. दहा नर्तक, बारा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, दिवसाला हजार रुपये. सात लाख वीस हजार होतात. दिग्दर्शक, संगीत, नेपथ्य, कपडे, प्रकाश धरून पंधरा लाखांत तासाभराचं नवं नृत्यनाट्य उभं राहू शकतं. राज्यानं वर्षाला अशी पाच उभी करायची ठरवली तर पाऊण कोटी. एखाद्या महोत्सवाच्या मांडवावर आणि दिव्यांवर किती खर्च होतो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा आकडा मी समजावून सांगायला नको. तत्त्व म्हणूनही हे नवं नाही. केंद्राच्या रेपर्टरी अनुदानात, म्हणजे कायम पथक चालवणाऱ्यांना मिळणाऱ्या अनुदानात, गुरूला महिना १५,००० आणि प्रौढ शिष्याला १०,००० रुपये देण्याची सोय आहे. म्हणजे महिन्याचे पैसे द्यायला हवेत हे दिल्लीनं मान्य केलेलं आहे. मात्र दहा हजारांत मुंबईत खोलीचं भाडंही जात नाही, आणि ते अनुदान गुरुकुलाच्या चौकटीत बसणाऱ्यांसाठी आहे. एका विशिष्ट रचनेसाठी चार ठिकाणांहून माणसं गोळा करणाऱ्याला त्या अर्जात जागा सापडत नाही.

दुसरं मागणं जागेचं. महापालिकांची नाट्यगृहं आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी रिकामी असतात. माझ्या घराजवळच्या नाट्यगृहात मंगळवारी सकाळी अकराला गेलात तर झाडू मारणाऱ्या मावशींखेरीज कुणी दिसत नाही. लाकडी रंगमंच, वर पंखे, आणि आम्ही शहाबादीवर गाद्या टाकून पडतो. त्या सकाळी ठरावीक पथकांना तालमीसाठी द्या. पूर्ण दिवे नकोत, ध्वनियंत्रणा नको. चावी आणि लाकडी जमीन, बस.

वशिलेबाजी होईल, असं म्हणतील. होईलच, नाट्य अनुदानातही तसे आरोप होतात. म्हणून निवड कागदावर करू नये. अर्धवट बसलेली दहा मिनिटं समोर करून दाखवायला लावावीत, निवडसमितीत नाचलेली माणसं असावीत, कुणाला का दिलं आणि कुणाला का नाही हे लिहून जाहीर करावं. पाचांतली दोन कामं फसतील. फसू द्यावीत. आठवी संध्याकाळ फसल्याशिवाय अकरावी येत नाही, हे आमच्या सभागृहातल्या शिपाईदादांनाही कळलं होतं.

आणि एक अट मी स्वतःहून घालीन: पैसे घेणाऱ्या पथकानं किमान दहा प्रयोग करायचे, त्यांतले निम्मे मुंबई-पुण्याबाहेर. सांगलीला, लातूरला, चंद्रपूरला, मडगावला. कारण नाच एकदा करून संपला की शरीर विसरायला लागतं, आणि ते सगळ्यात वेगानं विसरतं ती अवघड जागा.

आमची ती नऊ मिनिटं एकदाच झाली. मागच्या महिन्यात एका गावाहून फोन आला, तेच काम परत करता का म्हणून. मी यादी काढून बसले. पडणारी मुलगी आता नाशिकला असते, एका बँकेत. झेलणाऱ्या चौघांपैकी दोघांचे नंबर लागतात. मी तिला विचारलं, “पडशील?” ती म्हणाली, “ताई, पडेन की. पण मागे कोण आहे ते सांग.”